मागच्या रांगेतला प्रश्न

"बाटलीत आधीच कुणाच्या हातून पेरॉक्साईड पडलं नसेल कशावरून?" पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, आणि दाक्षायणीच्या तोंडचं पाणी पळालं.

सोलापुरातल्या त्या हॉलमध्ये तिची पीएच.डी.ची शेवटची परीक्षा चालली होती. तिचं म्हणणं एवढंच होतं: किरणांच्या माऱ्यानं पाणी फुटतं, त्यातून पेरॉक्साईड तयार होतं, आणि त्या पाण्यातली युरेनियमची काळी पूड पिवळी पडते, तिचं संयुगच बदलतं. आठ महिने पूड पिवळी होत राहिली होती. पण पेरॉक्साईड बाहेरून पडलेलं असेल, तर पाच वर्षं पाण्यात गेली म्हणायची. उत्तर तिला ठाऊक होतं. ऐन वेळी ते काही केल्या सापडेना.

"मी काळजी घेतली होती, सर," एवढंच ती बोलली. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग श्रोत्यांना विचारलं, "कुणाला काही शंका?"

मागच्या रांगेत एक हात वर झाला. हात अप्पांचा होता. सातवी शिकलेले तिचे वडील, गुरप्पा, ठेवणीतला सफारी घालून आले होते. "तिथं गप बसायचं हं," असं तिनं सकाळी तीनदा बजावलं होतं. तिचा अप्पांवर फार जीव. त्यांना कुणी हसलेलं तिला सोसलं नसतं.

"मॅडम," एरवी तिला दाक्षे म्हणणारे अप्पा उभे राहून म्हणाले, "पेरॉक्साईड चार दिसात उतरतं की. तुमचं आट म्हैने कसं पुरलं? वरनं रोज कोन घालत हुतं?"

पुढं कुणीतरी फिसकन हसलं. दाक्षायणीचे डोळे मात्र लकाकले.

"कुणीच नाही! एकदाच सांडलेलं असतं तर चार दिवसांत संपलं असतं आणि पूड पिवळी व्हायची थांबली असती. ती थांबली नाही. किरणांचा मारा चालू आहे तोवर पाणी फुटत राहतं, नवं पेरॉक्साईड बनत राहतं."

परीक्षकांनी लिहिलेलं खोडलं. मागं वळून अदबीनं म्हणाले, "नेमकं विचारलंत, सर. आपण कुठल्या डिपार्टमेंटचे?"

"ब्लीचिंग," अप्पा म्हणाले. "टावेलाचा कारखाना. सूत पांढरं करायला तीस वरसं पेरॉक्साईडच्या हौदावर हाय की मी."