गाळलेली ओळ

राजूरच्या कोळसा खाणीत लागल्यावर सायमन लिहा-वाचायला शिकला. मग बायकोच्या, आग्नेसच्या, समुद्राकाठच्या माहेराहून आलेली पत्रं तोच तिला वाचून दाखवायचा. एका पत्रातली एक ओळ मात्र त्यानं गाळली होती : 'आईचं काही खरं नाही, आग्नेसला लगेच धाडा.' ड्युटीवरून आल्यावर भाकर कोण टाकणार, एवढंच कारण. तिला कुठं वाचता येतं, म्हणून ते पाप चाळीस वर्षं पचलं.

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून तिच्या गावच्या फादरनी चर्चमधल्या जुन्या लग्नवहीचा फोटो पाठवला.

"पाहा बाबा, तुमचा आंगठा अन् खाली आईचा!" सून अर्पितानं मोबाईल पुढं धरला.

"तवा दोघंही अडाणीच होतो न व," सायमन हसला.

"मंग डाव्या पानावर, आईच्या बहिणीच्या लग्नात, साक्षीदार म्हणून सही कोनाची हाय?"

तारीख आठ दिवस आधीची होती आणि वळणदार अक्षरात नाव आग्नेसचं.

तव्यावरची नजर न काढता आग्नेस म्हणाली, "यायनं आंगठा लावला, मंग मी कशी सही करू? पेन ठेवून देला."

 

त्या पत्राचं विचारायची सायमनची छाती झाली नाही. तव्यावर त्याचीच भाकर फुगत होती.