नकाशावरचा हिरवा डाग

"आजी, खरं सांगा. हे जंगल वाढवलंत कसं?"

लिंबानीने चौथ्यांदा विचारलं. गावच्या प्रमुख नाम्बेवे आजी चटईवर भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

लिंबानी पार थकला होता. वनखात्यात बसून नऊ वर्षं तो उपग्रहाचे फोटो तपासत होता, आणि नऊ वर्षं मलावीचा नकाशा लालच होत चालला होता. झाडं तुटली की तिथे लाल. कोळशापायी डोंगरच्या डोंगर बोडके झालेले. त्या सगळ्यात हा एकच डाग हिरवा, आणि तोही सहा वर्षांत दुप्पट! साहेबांनी बजावलं होतं, "त्यांची युक्ती घेऊन ये. नाहीतर प्रकल्प बंद, आणि तूही घरी."

तो हिरवा डाग म्हणजे गावची दफनभूमी आहे, हे त्याला ठाऊक होतं. तिथल्या झाडाला कोणी कुऱ्हाड लावत नाही, हेही ठाऊक होतं. पण अशी वाढत जाणारी दफनभूमी त्याने नकाशावर दुसरी पाहिली नव्हती.

"रोपं कुठून आणलीत?"

"रोपं कसली डोंबलाची! हद्द पुढे सरकवली की तिथली कुदळ थांबते. कुदळ थांबली की झाडं आपली आपण येतात."

"म्हणजे मक्याची रानं सोडलीत? लोक कबूल झाले?"

"न होऊन करतात काय? तीनदा सरकवली."

लिंबानी भराभरा लिहून घेत होता. कितीतरी दिवसांनी त्याला हुरूप आला होता. ही युक्ती चाळीस गावांना शिकवता येईल, असं त्याच्या मनात आलं. त्याने छापील कागदावरचा शेवटचा प्रश्न वाचला.

"आजी, हे जंगल असंच वाढत राहावं म्हणून सरकारने काय करावं?"

आजींचे हात थांबले. त्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. रागावण्याचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"काही करू नका, लेका. आम्ही नदीचं पाणी पितो. दर पावसाळ्यात कॉलरा येतो, पोरं जातात, पुरायला जागा पुरत नाही. जंगल असंच वाढायला हवं असेल, तर आम्हाला हातपंप तेवढा देऊ नका."