दोन बोटं वर

जुन्या इमारतीतल्या भाडेकरूंना हुसकायला मालक टपूनच बसले होते. इमारत खचतेय हे सिद्ध व्हावं म्हणून लेसर स्कॅनर मांडायला त्यांनी समोरच्या आपल्या नव्याकोऱ्या बंगल्याची गच्ची दिली. आज दुसरी मोजणी, आणि भाडेकरूंचं सामान न्यायला टेम्पोही सकाळीच दारात हजर!

"काय मॅडम, हलली ना?" मालकांना उकळ्या फुटत होत्या.

"मागच्या खेपेपेक्षा दोन बोटं वर दिसतेय," इंजिनिअरबाई म्हणाल्या.

"अहो, इमारत कधी वर जाते का?"

"नाहीच जात. आपण उभे आहोत तो बंगला खाली गेलाय."



जुन्या इमारतीच्या गॅलरीतून भाडेकरू मावशींची हाक आली, "मालक, टेम्पो परत पाठवू नका हं! तुमचं सामान भरायला आम्ही सगळे येतो."