गट गुणवत्ता, सभासद एक

"इंदाय, पोरी, माझं बटण कुठे गेलं गं?"

मनांग फेलिसा, म्हणजे सगळ्या मासळी-कारखान्याची थोरली ताई, ओल्या गमबुटांनिशीच संगणकाच्या खोलीत शिरली होती. एरवी ती बूट दारात काढायची. हातमोज्यांना ट्यूनाचा वास येत होता. "बावीस वर्षं माशाच्या पोटात हात घालतेय मी, आणि आज तुझा फॉर्म म्हणतो, तुला ओळखत नाही."

अनालिझाने फॉर्म उघडला. तो तिनेच बनवला होता. माल कारखान्याबाहेर जाण्याआधी तपासनिसाने भरायचा; त्यावरूनच मालाचं प्रमाणपत्र छापलं जाई. कोणी तो उघडला की फॉर्म आधी मनिलाच्या मुख्य कचेरीतल्या यादीला विचारी, हा माणूस कुठल्या गटातला? उत्तर 'गुणवत्ता' असं आलं, तरच खाली 'पास' आणि 'अडवा' ही दोन बटणं दिसत.

तिने तोच प्रश्न यादीला स्वतः विचारून पाहिला. काल त्या गटात तीन नावं होती, तिन्ही तपासनिसांची. आज एकच होतं.

"फॉर्म बरोबर आहे, मनांग. यादी बदललीय. आजपासून गुणवत्ता म्हणजे मॅनेजर. नेस्टर सर."

"नेस्टर सर!" फेलिसा हसली, पण नुसती ओठांनी. "त्यांना ट्यूना आणि बांगडा शेजारी ठेवून विचार, यातला कुठला कुठला म्हणून." मग ती थांबली. "आणि माझा एकशे सत्तावीस?"

तो लॉट तिने काल अडवला होता. मासा बर्फाविना राहिलेला, हिस्टामीन मर्यादेच्या चौपट. असा मासा खाल्ला की अंगावर गांध्या उठतात, धाप लागते. लहान मूल असलं तर रात्र दवाखान्यात.

"तो आता त्यांच्या हातात," अनालिझा म्हणाली.

मोठ्याने बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. कॅन्टीनमध्ये भात कमी पडला तरी ती मागत नसे. मग तिने टंकायला सुरुवात केली. सात-आठ ओळी असतील.

"काय चाललंय?"

"विचारतेय यादीला. फक्त, फॉर्म आजवर उत्तर आपल्याजवळ ठेवायचा. आता सांगेल."

तेवढ्यात नेस्टर व्हिलाकाम्पा आत आले. "वा! खाली कंटेनर लागलाय आणि इथे गप्पांची बैठक! मनांग, तुमच्या बुटांचं पाणी मी पुसू का आता?" ते शेजारच्या संगणकावर बसले, आपलं नाव घालून त्यांनी फॉर्म उघडला. दोन्ही बटणं आज्ञाधारकपणे पुढे आली. मात्र त्यांच्या वर नव्या ओळी होत्या.

गट: गुणवत्ता. सभासद: एक. नेस्टर व्हिलाकाम्पा, मॅनेजर. गटात दाखल: आज, सकाळी ९.४०.
गटातून वगळले: फेलिसा दुमागिंग आणि आणखी दोन तपासनीस. आज, सकाळी ९.४१.
लॉट १२७ अडवला: काल, फेलिसा दुमागिंग. कारण: हिस्टामीन.

"हे काय आहे?"

"तुमची ओळख, सर. यादीत आहे तेवढीच."

"प्रमाणपत्रावर पण छापून येणार हे?"

"हो, सर."

"अगं, ते प्रमाणपत्र मालाबरोबर ग्राहकाकडे जातं!"

"हो, सर. म्हणूनच."

नेस्टर सरांनी आवाज मऊ केला. "हे बघ, मासा पुढे डब्यात शिजणारच आहे. कशाला बाऊ करायचा?"

"शिजवल्याने हे जात नाही, सर," फेलिसा म्हणाली. "पण तुम्हाला कसं ठाऊक असणार? गुणवत्तेत तुम्ही जेमतेम दोन तासांचे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "अनालिझा, तुझा पाच महिन्यांचा करार कधी संपतोय?"

"शुक्रवारी."

"पुढच्यावर सही कोणाची लागते?"

"तुमची."

"मग काढ त्या ओळी."

अनालिझाने कीबोर्डवरचे हात उचलले. तिने ते मांडीवर घेतले, एकात एक धरले.

"नाही काढणार."

आपला आवाज खोलीभर गेला, याचं तिलाच नवल वाटलं.

"ठीक आहे. मनिलाहून दुसऱ्या कोणाकडून काढून घेतो."

"घ्या, सर. ज्याने काढल्या त्याचं नावही फॉर्म यादीला विचारेल. तेही छापून येईल. आत्ताच घातलंय."

फेलिसाने हातमोजे काढले आणि कचेरीतली एक खुर्ची ओढून, कोणी बस म्हणण्याची वाट न पाहता, अनालिझाच्या शेजारी बसली.

खाली ट्रेलरवाल्याने हॉर्न वाजवला. एकदा, मग लांबलचक.

"बटण चालू आहे, सर," अनालिझा म्हणाली. "मी ते अडवलेलं नाही. तुमचंच आहे ते. दाबा."

नेस्टर सरांनी माऊस हिरव्या 'पास'वर नेला. पडद्यावरच्या बाणाचा छोटासा हात झाला. त्यांनी वरच्या ओळी पुन्हा वाचल्या. आपलं नाव वाचलं. तिसऱ्यांदा हॉर्न वाजला, तेव्हा ते उठले आणि हात पँटच्या खिशात घालून निघून गेले.

पडद्यावरचा छोटा हात मात्र एक बोट पुढे करून हिरव्या बटणावर तसाच उभा होता.