ओढ्याच्या वळणावरची खूण

आजही थडगं सापडलं नाही. उत्तरा कुंपणापलीकडच्या माळावरून परत आली ती वैतागून, पँटला कुसळं चिकटवून घेऊन.

फ्रिस्कोतल्या त्यांच्या घरामागं जुन्या गवताळ प्रेअरीचा एवढाच तुकडा उरला होता. सोमवारी तिथं बुलडोझर येणार होते. उत्तरा शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या नकाशांवरून या माळाचा इतिहास लिहीत होती. एका नकाशात ओढ्याच्या वळणाशी तिला बारीकसा क्रॉस दिसला होता. बाजूला ‘लहान मुलाचं थडगं’ एवढंच. जागा दाखवली तर काम थांबणार होतं. नाहीतर त्या लेकरावरून रस्ता जाईल, या विचारानं तिला घास गिळवेना.

“अगं, सोड ना यार,” गिरीश म्हणाला. “कोण कुठलं ते!”

“कुणाचं तरी होतंच ना?”

मागच्या अंगणात त्यांची सहा वर्षांची अनया तुळशीपाशी दिवा लावत होती. कुंडीखालची सपाट फरशी गिरीशला अंगण खणताना मिळाली होती. फुकटात ओटा झाला म्हणून स्वारी खूश! इथल्या भणाण वाऱ्यात काडी पेटायची मारामार, पण अनयाचा दिवा तेल संपेपर्यंत जळायचा. कुंपणाचा आडोसा असेल, दुसरं काय.

“गुड नाइट, एडा,” अनया म्हणाली. तुळशीचं हे नाव तिनंच ठेवलेलं. पुण्याच्या आजीनं ऐकून कपाळाला हात लावला होता.

“आज इतक्या लवकर दिवा?” उत्तरानं विचारलं.

“एडाला डार्क आवडत नाही, आई.”

गिरीश नकाशावर वाकला. “हे वळण कुठाय? आपला ओढा तर सरळ आहे.”

“तोच तर घोळ आहे रे.”

“घोळ कसला! प्लॉट पाडताना बिल्डरनं सरळ केला तो. आधी इकडून, आपल्या बाजूनं वळायचा.”

उत्तरानं नकाशावर बोट फिरवलं. वळण त्यांच्या कुंपणाच्या आत आलं. क्रॉसही आला. तिनं तुळशीच्या कुंडीखालच्या फरशीकडं पाहिलं.

“गिरीश, ती कुंडी उचल.”

फरशी चांगलीच जड होती. दोघांनी मिळून ती उलटी केली. अनया दिवा घेऊन शेजारी उभी राहिली. अक्षरांत घट्ट बसलेली माती उत्तरानं नखानं उकरून काढली.

एडा. वय वर्षे सहा.