हातातून हातात

फडकं उडालं. तेल लावलेलं ते मऊ फडकं वाऱ्यानं हरिभाऊंच्या हातातून हिसकावलं आणि कळंबच्या किनाऱ्यावरून लोळवत लोळवत पार समुद्रात नेऊन घातलं. हरिभाऊ उघडा कोयता घेऊन तसेच उभे राहिले. चहूकडे वाळू उडत होती. महिनाभर दगडावर घासून आणलेली धार, आणि आता तिच्यावर ही वाळू!

तिकडे बोळिंज गावच्या गड्याचा डाव नुकताच संपला होता. घड उतरवलेल्या केळीचे खांब वाळूत रांगेनं रोवलेले. धावत जायचं आणि एका घावात एक खांब आडवा करायचा. जो एका घावात पडला नाही, तिथं डाव संपला. बोळिंजनं चौदा पाडले होते. त्यांचे ढोल थांबायला तयार नव्हते. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी हा सामना सुरू झाला आणि तेव्हापासून हरिभाऊंचं गाव, गास, एकदाही जिंकलं नव्हतं. गावात हात होता, धारही होती, पण दोघांची तोंडं दोन दिशांना.

हात व्हॅलेरियनचा, धार हरिभाऊंची. हरिभाऊंची स्वतःची केळीची वाडी होती, पोटापाण्याची ददात नव्हती. धार लावणं हा नुसता नाद. पण नाद म्हणजे काय! गावातल्या विळ्या, कोयते, न्हाव्याचा वस्तरासुद्धा त्यांच्या ओटीवर यायचा. कुरुंदाचा दगड आणि तांब्याभर पाणी मिळालं की हा गृहस्थ जेवायचं विसरायचा. "यांचं लग्न त्या दगडाशीच लागलंय, मी आपली करवली," असं त्यांच्या बायकोनं, आनंदीबाईंनी, गावभर सांगून ठेवलं होतं.

व्हॅलेरियन शेजारच्या वाडीतला, लहानपणापासूनचा जिगरी दोस्त. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एकदा तो घाईत आला आणि हरिभाऊंनी आपला लाडका कोयता थेट त्याच्या हातात दिला. धारेची वस्तू हातात देऊ नये. खाली ठेवावी, समोरच्यानं उचलावी, नाहीतर भांडण होतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि झालंच! पठ्ठ्यानं त्या कोयत्यानं खडकावरची कालवं फोडली. धारेला खांडे पडले. "लोखंडच ना ते?" असं वर हसत म्हणाला. ते बोलणं हरिभाऊंच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून दोघांमध्ये एक कुंपण आणि अबोला.

यंदा गावानं दोघांचेही पाय धरले. व्हॅलेरियन घाव घालायला तयार झाला, हरिभाऊ धार लावायला. बोलणं मात्र दोघांच्याही ओळखीतल्या आल्बर्टच्या तोंडून. "त्याला सांग, मूठ कोरडी ठेव." "त्याला सांग, पातं पुढनं जड लागतंय." बिचारा आल्बर्ट या वाडीतून त्या वाडीत हेलपाटे घालून दमला. सामन्याच्या दिवशी हरिभाऊंनी कोयता पाटावर ठेवायचा आणि व्हॅलेरियननं उचलायचा, असं ठरलं होतं. आल्बर्टनं घरून पाट आणलाही होता. आता पाटावर वाळूचा थर बसला होता, आणि पुसावा तर पुन्हा तेच.

"गास!" पंच हरेश्वर ओरडला. "आटपा लवकर, नाहीतर बाद धरीन!"

"आल्बर्ट, तू धर," हरिभाऊ म्हणाले.

"नाय बाबा!" आल्बर्ट मागं सरला. "तुमचं एक भांडन निस्तरतोय तेवढं पुरे. मला दुसरं नको."

हरिभाऊंनी हातातल्या कोयत्याकडं पाहिलं. खाली ठेवावा तर धार गेलीच. आणि हातात द्यावा तर? खरं सांगायचं तर त्यांना सामन्यापेक्षा त्याचीच धास्ती वाटत होती. महिनाभर आल्बर्टच्या तोंडून का होईना, व्हॅलेरियनचा शब्द कानावर येत होता. सकाळी उठल्याबरोबर ते आल्बर्टची वाट बघायचे. हातात दिला आणि तेवढंही तुटलं तर?

व्हॅलेरियन समोर येऊन उभा राहिला. त्यानं हात पुढं केला. इतक्या वर्षांनी प्रथमच तो हरिभाऊंच्या डोळ्यांत बघून बोलला.

"दे हातात. आपल्यात आनखी कोनतं भांडन व्हायचं उरलंय?"

हरिभाऊंनी दिला. बोटांना बोटं लागली.

आणि व्हॅलेरियन सुटला! सप! पहिला आडवा. सप! दुसरा. हात दिसत नव्हता, पातं दिसत नव्हतं, नुसते खांब पडताना दिसत होते. बोळिंजचे ढोल हळूहळू गप्प झाले. गासची माणसं मोजत होती, उड्या मारत होती. "वालेर!" हरिभाऊ बेंबीच्या देठापासून ओरडले. लहानपणी ते त्याला याच नावानं हाक मारायचे. "मनगट सैल सोड, वालेर! पातं ओढून घे!" तेरा... चौदा... पंधरा! पंधरावा पडला आणि किनाऱ्यावर एकच कल्ला झाला. व्हॅलेरियननं त्याच झोकात सोळावाही लोळवला. आनंदीबाई डोक्यावरचा पदर सावरायचं विसरून टाळ्या पिटत होत्या.

धारेची वस्तू हातात दिली की भांडण होतं म्हणतात, ते काही खोटं नाही. खांब धारेनं पडले की हातानं, यावरून दोघे त्या संध्याकाळी कळंबपासून गासपर्यंत तावातावानं भांडत आले, आणि आल्बर्टला त्यांनी मध्ये एक शब्द बोलू दिला नाही.