रफू

आमच्या ठाण्याच्या कॉलेजात सैनिकांच्या पोशाखांचं प्रदर्शन होतं. चिलखतापासून बुलेटप्रूफ जॅकेटपर्यंत सगळं ओळीनं मांडलेलं. शेवटी हुतात्मा सर्वेशचा शर्ट. त्याच्या आईनं, रखमाबाईंनी, स्वतः आणून दिलेला. उद्घाटनाआधी त्या आल्या आणि शर्टाच्या छातीवर बोट फिरवू लागल्या. “मॅडम, गोळीचं भोक कुठं गेलं?” प्रदर्शन भरवणाऱ्या प्रमोदिनी मॅडम खुलल्या. “रफू करून घेतलं, मावशी. खोपटच्या कारागिराकडून. शोधून सापडणार नाही. एवढे पाहुणे येणार, फाटका शर्ट कसा ठेवायचा?” “माझ्या पोराला तुमचं हे शेजारचं जॅकेट मिळालं नव्हतं. त्या भोकावरून तेवढंच कळत होतं. तेही बुजवलंत?” मॅडम ‘तसं नाही हो’ म्हणेपर्यंत बाईंनी फीत कापायची तबकातली कात्री उचलली आणि शर्ट मांडीवर ओढून टाके उसवायला बसल्या. पाहुणे फितीसमोर येऊन थांबले. कात्री मागायची हिंमत आमच्यापैकी कुणाचीच झाली नाही.